कोणत्या उंचीवर?

जानेवारीत फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये गुलमर्ग शोधलं की हिमकणाचं एक चित्र येतं आणि त्याच्या बाजूला एक आकडा. उद्या ८ सेंटीमीटर. त्या आकड्याला उंची नसते, आणि चोवीस तास कधीपासून कधीपर्यंतचे हेही त्यात लिहिलेलं नसतं. ही एवढीशी उणीव मनात खुपत राहते, कारण गुलमर्ग म्हणजे एक ठिकाण नाहीच. टॅक्सीवाले चाकांना साखळ्या चढवतात ते तंगमर्ग साधारण २,१५० मीटरवर आहे. तिथून तेरा किलोमीटरचा घाट चढून गेलं की २,६५० मीटरवर गुलमर्गचं खोलगट मैदान लागतं. गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा ३,०८० मीटरच्या आसपास कोंगदूरीला संपतो आणि दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या जवळ, नेऊन सोडतो. एकाच दुपारी तंगमर्गच्या बाजारात बारीक पाऊस असतो, मैदानावर बुटाला चिकटणारा ओला बर्फ, कोंगदूरीला गुडघाभर कोरडा बर्फ आणि अफरवतच्या कण्यावर वाऱ्यानं खरवडून काढलेला उघडा दगड. आता ते ८ सेंटीमीटर यातल्या कुठल्या जागेचे मानायचे?

स्की करणाऱ्यांमध्ये काही जण असे असतात की हिवाळा लागला की त्यांचा दिवस हवामानाच्या नकाशांपासून सुरू होतो. पदवी नसते, पगार नसतो, तरी पुढच्या वादळात बर्फ किती, कधी आणि कसा पडेल हे ते स्वतः काढतात. हवामान खात्याचा अंदाज जिल्ह्यासाठी असतो, आणि तो तसाच असायला हवा. त्यावर रस्ते, विमानं आणि शाळा अवलंबून असतात. हौशी माणसाला मात्र एका डोंगराच्या एका उतारापुरताच अंदाज हवा असतो. इतक्या लहान जागेवर नजर रोखून बसायला त्याच्याइतका वेळ दुसऱ्या कोणाकडे नसतो. त्याचं सगळं बळ त्यातच आहे.

काश्मीरचा बर्फ पश्चिमेकडून येतो, म्हणून पाळतही पश्चिमेवरच ठेवायची. पश्चिमी विक्षोभ म्हणजे वरच्या हवेतल्या पश्चिमी प्रवाहाला पडलेली खोल घडी. हिवाळ्यात महिन्याला अशा पाच-सहा घड्या भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. त्यातल्या बहुतेक फक्त ढग दाखवून निघून जातात. मोठी हिमवृष्टी देणारी घडी कोणती, ते हवेच्या ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या नकाशावर, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर, ओळखता येतं. या घडीचा, म्हणजे द्रोणीचा, अक्ष काबूलच्या पश्चिमेला असावा, तिची खालची कड २५ अंश उत्तरेपर्यंत उतरलेली असावी म्हणजे ती अरबी समुद्राची वाफ ओढून घेते, आणि तिची चाल मंद असावी. यातली तिसरी अट सर्वांत जास्त विसरली जाते. तासाला दीड मिलिमीटर पाणी देणारं वादळ सहा तासांत निघून गेलं तर हाती नऊ मिलिमीटर येतात. तेच वीस तास रेंगाळलं तर तीस. उपग्रहाच्या जलबाष्प चॅनेलवर हे सगळं चित्रासारखं दिसतं: पुढे दाट पांढरा पिसारा, मागे कोरड्या हवेची काळी जीभ. ती काळी जीभ पेशावरच्या अंगावर आली की गुलमर्गच्या वादळाचा जोर लवकरच ओसरणार असं समजावं. तेहरान, मशहद, काबूल, पेशावर आणि इस्लामाबादच्या विमानतळांवरून दर तासा-अर्ध्या तासाला निघणारे हवामान संदेश कोणालाही वाचता येतात. हवामानाचं संगणकीय मॉडेल म्हणतंय की इस्लामाबादेत दुपारी दोनला पाऊस लागेल आणि तो सकाळी दहालाच लागला, तर सगळं वेळापत्रक चार तास अलीकडे ओढायचं. एवढी साधी दुरुस्तीही फार माणसं करत नाहीत.

मॉडेलच्या वेळा अंगवळणी पडाव्या लागतात. जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीचा रन (मॉडेलची एक गणिती फेरी) म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. त्या निरीक्षणांवरचा अमेरिकन जीएफएस नऊ ते साडेदहाच्या दरम्यान हाती येतो, युरोपियन मॉडेल साडेअकरा-बाराच्या सुमारास. संध्याकाळच्या रनसाठी हेच बारा तासांनी. भारतीय हवामान खात्याचा चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठचा असतो आणि मॉडेलचा पहाटे साडेपाच ते साडेपाचचा. वादळ नेमकं पहाटे शिगेला पोहोचलं तर हे तीन तास सगळा हिशेब बिघडवतात, आणि चूक नसलेल्या मॉडेलवर चुकीचा ठपका बसतो.

त्याहून मोठा घोटाळा डोंगराच्या उंचीचा असतो.

जीएफएसची जाळी सुमारे तेरा किलोमीटरची, युरोपियनची नऊची. इतक्या मोठ्या चौकोनात पीर पंजालची धार, गुलमर्गचं मैदान आणि खालची खोरी एकत्र कालवली जातात आणि मॉडेलच्या जगात तिथे एक गुळगुळीत उंचवटा उरतो. म्हणून कुठल्याही संकेतस्थळावर गुलमर्गचं तापमान बघण्याआधी त्या चौकोनाची मॉडेलमधली उंची किती धरली आहे ते शोधावं. समजा ती ३,३०० मीटर निघाली. मग ६५० मीटरचा फरक आणि हजार मीटरला साडेसहा अंश या दराने मैदानाचं तापमान चार अंशांनी जास्त धरायला हवं. मी म्हणेन, हा आकडा बघूच नका. थेट दाबाच्या पातळ्या वाचा. मैदानी मुलखात हिवाळी अंदाजाला ८५० हेक्टोपास्कलचा नकाशा वापरतात, पण ती पातळी दीड किलोमीटरवर, म्हणजे इथे जमिनीखाली आहे. तिथलं तापमान मॉडेलनं गणितानं भरून काढलेलं असतं, त्याला काहीही अर्थ नाही. ७०० हेक्टोपास्कल म्हणजे तीन किलोमीटर, जवळजवळ कोंगदूरी. ६०० म्हणजे सव्वाचार किलोमीटर, अफरवतच्या माथ्याची हवा. या दोन पातळ्यांचं तापमान, आर्द्रता आणि वारा नीट वाचता आला की निम्मं काम झालं.

आता एक वादळ कागदावर मांडून बघू. मॉडेल चोवीस तासांत ३० मिलिमीटर पाणी देतंय आणि ७०० हेक्टोपास्कलवर उणे तीन अंश. शून्य अंशाची रेषा ३,००० मीटरच्या खाली साधारण साडेचारशे मीटरवर, म्हणजे २,५५० च्या आसपास येते. हिमकण शून्य रेषा ओलांडल्यावरही लगेच वितळत नाही, आणखी दोन-तीनशे मीटर तग धरतो. बर्फाची हद्द २,२५० ते २,३५० मीटरवर आली. तंगमर्गला पाऊस. मैदानावर उणे अर्धा-पाऊण अंश. एका मिलिमीटर पाण्याला सात-आठ मिलिमीटर बर्फ धरला तर २१ ते २४ सेंटीमीटर, तोही जड. कोंगदूरीला उणे साडेतीन, गुणोत्तर दहा ते बारा, म्हणजे ३० ते ३६. वरच्या टप्प्यावर उणे नऊ, गुणोत्तर चौदा-पंधरा, ४२ ते ४५; आणि चढावर पाणीही थोडं जास्तच पडतं. आता यातला एकच आकडा हलवू. ७०० वर उणे तीनऐवजी उणे एक. शून्य रेषा तीनशे मीटर वर सरकली, हद्द २,५५० ते २,६५० वर, आणि मैदानावर हॉटेलांच्या पत्र्यांवरून पाणी गळायला लागलं. तीन दिवस आधीच्या अंदाजात दोन अंशांची चूक अगदी साधी समजली जाते. घाटातल्या ड्रायव्हरला मात्र त्या दोन अंशांत सगळं आलं.

ही हद्द वादळ चालू असतानाही जागची हलते. हवा कोरडी असेल तर पडणारा कण बाष्प होत होत भोवतालची हवा गार करतो, म्हणून साध्या तापमानाऐवजी ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं, म्हणजे वेट बल्ब तापमान बघावं. ते अर्ध्या अंशाच्या खाली असेल तर बर्फाचीच शक्यता जास्त. वृष्टीचा जोर मोठा असेल तर वितळण्यात हवेतली उष्णता खर्च होते आणि अरुंद खोऱ्यात हद्द काहीशे मीटर खाली घसरते. तंगमर्गला दिवसभर पाऊस पडून रात्री अचानक बर्फ सुरू होतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. याच्या उलट फसवणूक गुलमर्गच्या मैदानाची. निरभ्र रात्री डोंगरावरची थंड हवा त्या खोलगट जागेत साचते आणि मैदान कोंगदूरीपेक्षाही गार होतं. वादळाच्या आदल्या पहाटे तिथे उणे दहा दिसलं म्हणून उद्या भुरभुरीत बर्फ मिळेल असं कोणी समजू नये. ढग आले, वारा सुटला की ती साचलेली थंडी तासाभरात ढवळून निघते.

वाऱ्याबद्दल आपल्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण त्यानं घाटमाथा पाहिलेला असतो. नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला आडवा भिडतो, महाबळेश्वर भिजून जातं आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस निम्म्याहून कितीतरी कमी. पीर पंजालही वायव्य-आग्नेय पसरलेला, विक्षोभाच्या पुढचा वाराही नैर्ऋत्येचाच. मग गुलमर्ग तर पलीकडच्या, पाठच्या अंगाला आहे. तिथे कोरडं का पडत नाही? उत्तर कणाच्या पडण्याच्या वेगात आहे. पावसाचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटरने खाली येतो, हिमकण जेमतेम एक मीटरने. हजार मीटर खाली यायला हिमकणाला हजार सेकंद लागतात, आणि वारा सेकंदाला पंधरा मीटरचा असेल तर तेवढ्यात तो पंधरा किलोमीटर पुढे जातो. थेंब दोन-अडीच किलोमीटरच सरकतो. पूंछच्या बाजूला वर चढलेल्या हवेत तयार झालेला बर्फ धार ओलांडून अफरवतच्या पूर्वेकडच्या उतारांवर येऊन पडतो तो असा. त्यामुळे ७०० ते ६०० हेक्टोपास्कलवर डोंगराला काटकोनात येणारा, तीस-चाळीस नॉटचा नैर्ऋत्य वारा दिसला की गुलमर्गसाठी मॉडेलपेक्षा थोडा जास्तच आकडा लिहावा. वारा दक्षिण-आग्नेयेकडे कलून डोंगराला समांतर झाला तर थोडा कमी.

बर्फाची जात ठरते ढगाच्या आत. १९३६ साली होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि नंतर तापमान व आर्द्रता बदलत कुठल्या हवेत कुठला आकार येतो याचा तक्ताच मांडला. उणे बारा ते उणे अठराच्या पट्ट्यात, विशेषतः उणे पंधराच्या आसपास, सहा फांद्यांचे जाळीदार कण वाढतात. ते एकमेकांवर पडताना मध्ये हवा अडकवतात, म्हणून बर्फ हलका होतो. पहाटे त्यात हात घातला तर चाळलेल्या पिठात घातल्यासारखा वाटतो. आपल्या मांडलेल्या वादळात हा पट्टा साडेचार ते सव्वापाच किलोमीटरवर येतो. हवेची सर्वांत जोरदार चढण नेमकी त्याच उंचीवर असेल तर बाराच्या जागी सोळाचं गुणोत्तर धरायला हरकत नाही. नकाशांवर बरेचदा कुचेरा नावाचं सूत्र वापरलेलं असतं: ५०० हेक्टोपास्कलच्या खालच्या हवेतलं कमाल तापमान घ्यायचं, ते उणे दोन असेल तर गुणोत्तर बारा, त्याहून जितके अंश थंड तितके मिळवायचे, जितके अंश उबदार त्याच्या दुप्पट वजा करायचे. उणे पाचला पंधरा, अधिक एकला सहा. सूत्र उपयोगी आहे, पण ते वारा बघत नाही. ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वर वारा गेला की कणांच्या फांद्या मोडतात, तुकडे घट्ट बसतात आणि कागदावरचं पंधरा प्रत्यक्षात नऊ-दहा होतं.

हे सगळं मोजल्याशिवाय पोकळ आहे.

मोजायला लागतं फार थोडं. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा चाळीस सेंटीमीटर चौरस तुकडा, उन्हानं तापू नये म्हणून पांढरा रंगवलेला, आणि बर्फाखाली सापडावा म्हणून कोपऱ्यात झेंडी लावलेली काठी. जागा झाडांच्या मधली, वारा न पोहोचणारी, पण कुठलंही झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत नसलेली. ठरलेल्या वेळी तीन-चार ठिकाणी पट्टी उभी रोवून सरासरी घ्यायची, फळी पुसायची, पुन्हा बर्फाच्या पातळीवर ठेवायची. दर सहा तासांनी पुसून केलेली बेरीज चोवीस तासांनी एकदाच मोजलेल्या आकड्यापेक्षा नेहमी जास्त भरते, कारण बर्फ स्वतःच्या वजनानं बसत जातो. दोन आकडे शेजारी ठेवायचे असतील तर पद्धत एकच हवी. खोलीपेक्षाही महत्त्वाचं पाणी. आतून दहा सेंटीमीटर व्यासाचा पाइप फळीवर सरळ दाबायचा, खालून पत्रा सरकवून आतला बर्फ पिशवीत काढायचा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलायचा. ग्रॅमला ७.८५ ने भागलं की पाण्याचे मिलिमीटर मिळतात. १५७ ग्रॅम म्हणजे २० मिलिमीटर. खोली २४ सेंटीमीटर असेल तर गुणोत्तर बारा. उघड्यावरचं पर्जन्यमापक इथे विश्वासाचं नाही, वारा कणांना त्याच्या तोंडावरून उडवून नेतो आणि पाणी बरंच कमी नोंदलं जातं. पाणी आणि खोली वेगळी मोजली म्हणजे चूक कुठे झाली ते कळतं: मॉडेलनं पाणीच कमी दिलं होतं, की पाणी बरोबर होतं आणि गुणोत्तर धरताना गफलत झाली. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

या हौसेतली सर्वांत अवघड गोष्ट मात्र उपकरणांत नाही. बर्फ हवासा असतो, आणि हव्याशा गोष्टीचा अंदाज बांधताना डोळा एकाच बाजूला झुकतो. २०२४ चा जानेवारी आठवावा. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरातल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस सरत आले तरी मैदान तपकिरी होतं, स्लेजवाले आणि स्की भाड्याने देणारे हात बांधून बसलेले. अशा महिन्यात दहाव्या दिवसावर एखाद्या रनमध्ये मोठं वादळ दिसतं, ते लगेच सगळीकडे फिरतं, आणि पुढच्या रनमध्ये ते विरतं किंवा आणखी पुढे ढकललं जातं. सात दिवसांपलीकडे एका रनचा नकाशा बघण्यात काही हशील नाही, तिथे समूह, म्हणजे सुरुवात किंचित बदलून चालवलेले त्याच मॉडेलचे अनेक रन, बघावा. अमेरिकन समूहात ३१ सदस्य, युरोपियनमध्ये ५१. पण तिथेही सरासरी फसवते. निम्म्या सदस्यांनी शून्य दिलं आणि निम्म्यांनी ४० मिलिमीटर, तर सरासरी २० येते, आणि २० मिलिमीटर एकाही सदस्यानं म्हटलेलं नसतं. तेव्हा सरळ मोजावं: ५१ पैकी ३८ जण वीसच्या वर आहेत, म्हणजे साधारण पंच्याहत्तर टक्के. हा टक्का वहीत लिहावा आणि नंतर तपासावा. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडलेली पद्धत यासाठी अजून तितकीच चोख आहे. सत्तर टक्के म्हटलं आणि बर्फ पडला, तर ०.७ आणि १ मधल्या फरकाचा वर्ग, ०.०९, नाही पडला तर ०.४९. हिवाळाभराची सरासरी जितकी शून्याच्या जवळ तितका अंदाज चांगला. पाऊणशे टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी निम्म्याच दिवशी बर्फ पडत असेल तर आपली इच्छा अंदाजात शिरली आहे, हे ती वही स्पष्ट सांगते.

मन दुसऱ्या बाजूनेही ओढलं जातं. ज्या खोल द्रोणीची स्की करणारा देव पाण्यात घालून वाट बघतो, तीच कधी विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीला निमित्त होते, आणि ती पुढे सरकल्यावर उत्तरेकडून उतरणारी थंडी निफाडच्या द्राक्षबागांत पारा खाली नेते. आणि खुद्द गुलमर्गात, ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गच्या हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या १७ जवानांचा जीव गेला. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत अखेर भरपूर बर्फ झाला, आणि २२ तारखेला वरच्या उतारांवरच्या हिमस्खलनानं एका रशियन स्कीअरला नेलं. भुरभुरीत बर्फाचा अंदाज लिहिताना हात जरा जड व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

याचं कारण अंदाजातल्या त्याच आकड्यांत असतं. धारेवरून बर्फ उडवणारा नैर्ऋत्य वारा तो अफरवतच्या आडोशाच्या उतारांवर आणून लादतो. कण्यावर शून्य, आणि शंभर मीटर खाली फळीच्या दुप्पट. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा घट्ट थर जुन्या, साखरेसारख्या सुट्या झालेल्या बर्फावर बसतो. तसा सुटा थर पातळ बर्फ आणि लांबलेल्या निरभ्र थंडीत तयार होतो. बर्फाच्या आत दहा सेंटीमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की पुरे. तासाला दोन-तीन सेंटीमीटरचा वेग काही तास टिकला, थंड सुरुवातीनंतर हवा उबदार होत गेली म्हणजे हलक्या बर्फावर जड बर्फ बसला, किंवा वादळानंतर आकाश निवळून वारा वायव्येकडे फिरला आणि घळी आडव्या भरू लागल्या, तर धोका वादळाबरोबर संपत नाही, पुढचे एक-दोन दिवस राहतो. नेमक्या त्याच दिवशी ऊन असतं आणि सगळे वर जातात.

म्हणून अंदाज कसा लिहावा याबद्दल मी आग्रही आहे. तंगमर्ग, मैदान, कोंगदूरी, वरचा टप्पा: चार ओळी, प्रत्येकीत किमान-कमाल आकडा, खात्रीचा टक्का आणि साडेआठ ते साडेआठ ही वेळ. त्याखाली बर्फाच्या हद्दीची उंची आणि ती कुठल्या तासाला खाली येईल ते. धारेवरचा वारा, दिशा आणि वेग, वादळ संपल्यानंतरच्या अठ्ठेचाळीस तासांसकट. सर्वांत जास्त वेगानं बर्फ कधी पडेल. तापमान चढणार की उतरणार. उतार सुरक्षित आहे की नाही हे हवामानाच्या नकाशावर दिसत नाही, त्यासाठी बर्फात खड्डा खणून थर तपासावे लागतात. त्यामुळे त्याबद्दल हौशी अंदाजकारानं एक शब्दही लिहू नये. डीआरडीओच्या डीजीआरई या प्रयोगशाळेचं हिमस्खलनाचं पत्रक आणि गुलमर्गच्या स्की पेट्रोलचा, म्हणजे उतारांवरच्या गस्तीपथकाचा, त्या सकाळचा निर्णय काय आहे, ते बघायला सांगावं.